बर्वे मॅडमची विर्ड

बर्वे मॅडम मला कधीच आवडल्या नाहीत. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की हात आपोआप मऊ पडतो, आणि मऊ हाताने लिहिलेलं काही मॅडमनी तपासायलासुद्धा घेतलं नसतं. त्या होत्या तेव्हा मला त्यांचा राग यायचा. त्यांना जाऊन आठ महिने झाले, तरी तो पुरता गेलेला नाही.

आमची गाठ पडली ती परीक्षेमुळे. मी आणि मंगेश दोघेही स्टुडंट व्हिसावर सिडनीला आलो होतो आणि एकाच खोलीत राहत होतो. मी साताऱ्याचा, तो सांगलीचा. कोर्स संपले, आता पीआरसाठी, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्यासाठी, इंग्रजीच्या परीक्षेत चांगले मार्क हवे होते आणि मंगेश रायटिंगमध्ये आपटायचा. तीन वेळा आपटला. कोणीतरी सांगितलं, गिरावीन या उपनगरात एक मराठी बाई आहेत, भयंकर आहेत, पण त्यांच्याकडची पोरं पास होतात. आम्ही दोघांनीही तिथे नाव घातलं.

भयंकर हा शब्द बरोबर होता. बुटकी, काटकुळी बाई, पांढरे केस पुरुषासारखे बारीक कापलेले, बाराही महिने अंगात राखाडी कार्डिगन. बाहेर चाळीस डिग्री असली तरी कार्डिगन. घराच्या गराजमध्ये चौदा खुर्च्या आणि एक व्हाइटबोर्ड. सोमवार ते गुरुवार, सहा ते आठ. सहा वाजता शटर खाली यायचं. एकदा एक पंजाबी मुलगा पाच मिनिटं उशिरा आला आणि बाहेरून म्हणाला, "मॅडम, ट्रेन लेट थी, सॉरी, नो वरीज ना?" आतून आवाज गेला, "वरीज आहेत. उद्या ये." ही 'नो वरीज' म्हणायची इथली सवय त्यांना अजिबात खपत नसे. म्हणायच्या, "सगळ्यांना वरीज असतात. नाहीत असं एकमेकांना सांगत काय फिरता?"

आंटी म्हटलेलं चालायचं नाही. काकू तर नाहीच. मंगेशने पहिल्याच दिवशी 'काकू' म्हटलं, तर म्हणाल्या, "तुझ्या काकाशी माझं लग्न झालेलं नाही." सगळे हसले. मंगेशही हसला. तो कशालाही हसायचा.

मॅडम मूळच्या अमरावतीच्या. तरुणपणी इंग्लंडला जाऊन त्या जुनी इंग्रजी शिकल्या होत्या. जुनी म्हणजे आजच्या इंग्रजालाही न कळणारी, हजार-बाराशे वर्षांपूर्वीची. मग इथल्या एका युनीत, म्हणजे विद्यापीठात, त्यांनी ती बरीच वर्षं शिकवली, आणि एक दिवस युनीने तो विषयच बंद केला. याबद्दल त्यांनी कधी तक्रार केलेली मी ऐकली नाही. फक्त 'द' कुठे लावायचा आणि 'अ' कुठे, हे आम्हाला तिसऱ्यांदा सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, त्यावरून कळायचं की या बाईला दुसरीकडे कुठेतरी असायला हवं होतं.

नशीब या शब्दावर त्या कशा भडकायच्या ते पहिल्यांदा पाहिलं ते मंगेशमुळेच. चौथ्यांदा परीक्षा द्यायची होती. सांगलीच्या ज्योतिषाने व्हिडिओ कॉलवर त्याची पत्रिका बघून सांगितलं होतं की ऑक्टोबरपर्यंत काही खरं नाही, ऑक्टोबरनंतर उजाडेल. बोटात पुष्कराज आला होता. मॅडमनी विचारलं, "निबंध का लिहून आणला नाहीस?" मंगेश म्हणाला, "मॅडम, लिहीन हो. पण नशिबात असेल तरच होणार ना?"

मॅडमनी मार्कर खाली ठेवला.

"नशीब म्हणजे काय रे?"

"म्हणजे... लक."

"अरबी शब्द आहे. नशीब म्हणजे वाटा. कोणीतरी वर बसलाय आणि पंगतीत वाढावं तसं वाढतोय, तुझ्या पानात कमी पडलं. दैव म्हणजे देवाकडून आलेलं. प्रारब्ध म्हणजे मागच्या जन्मी सुरू झालेलं. तिन्हींत तू कुठे आहेस? तू नुसता पान मांडून बसलायस."

मग त्यांनी बोर्डवर एक शब्द लिहिला आणि मोठ्याने म्हटला. विर्ड. आज आपण कोणाला 'वियर्ड' म्हणतो, तो याच शब्दाचा घसरत घसरत झालेला अवतार. जुन्या इंग्रजांचा दैवासाठीचा शब्द, आणि स्त्रीलिंगी. ती विर्ड. होणे, घडणे या क्रियापदापासून झालेला. "आणि आपलं वर्तणे, वृत्त, आवर्तन, हे सगळं त्याच मुळातलं. तुमची-आमची लांबची बहीण आहे ती. विर्ड म्हणजे जे घडून बसलंय ते. तिच्यामागे कोणी नाही. कोणी वाढत नाही, कोणी रागावत नाही, कोणाला नवस बोलता येत नाही. पुष्कराज तिला दिसत नाही."

"मग माणसाने करायचं काय?" हे मी विचारलं. मला तो सगळा प्रकार उद्धट वाटला होता.

"उभं राहायचं. ते लोक मानायचे की ज्याची वेळ भरलेली नाही, त्याला विर्ड कधी कधी सोडून देते. पण त्याने धीर सोडलेला नसेल तर."

"आणि वेळ भरलेली असेल तर?"

"तर धीर धरूनही जातो."

"मग उपयोग काय?"

"कसा गेला, ते राहतं." त्यांनी मार्कर उचलला. "झालं ते गेलं, असं आपण म्हणतो. ते खोटं आहे. झालं ते आहे. चल, निबंध काढ."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. झालं ते आहे. कोणी स्पेलिंग चुकवलं तरी तेच आणि कोणाचा व्हिसा नाकारला गेला तरी तेच. ते वाक्य ऐकलं की माझे दात शिवशिवायचे. ज्या बाईला पीआर केव्हाच मिळालाय, स्वतःचं घर आहे, तिने आम्हाला हजार वर्षांपूर्वीच्या योद्ध्यांचे धडे देणं सोपं होतं. खोलीवर आलो की मी त्यांची नक्कल करायचो आणि मंगेश पोट धरून हसायचा. पण त्याने शेवटपर्यंत एकही दिवस क्लास चुकवला नाही, हेही खरं. वर्षभर सोमवार ते गुरुवार, सहाच्या आत खुर्चीत. आणि चौथ्या परीक्षेत तो पास झाला. ऑगस्टमध्ये. ऑक्टोबरची वाट न बघता.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढचं सांगायला मला जड जातं.

इंग्रजी झाली, पण मंगेशला एक वर्षाचा कुकचा अनुभवही दाखवायचा होता. तो एका रेस्टॉरंटमध्ये शनिवार-रविवार भांडी घासायचा आणि मधूनमधून तंदूरवर उभा राहायचा. हाताला चव होती त्याच्या. आमच्या खोलीवर तो नुसत्या डाळ-भाताचंही जेवण करायचा. रेस्टॉरंटच्या मालकाने त्याला पत्र दिलं की हा माझ्याकडे वर्षभर, आठवड्यातले पाच दिवस, संध्याकाळी पाच ते दहा कुक म्हणून आहे. अर्धं खरं, अर्धं खोटं. असे कागद तेव्हा पुष्कळ फिरत होते. आम्हाला त्यात फार मोठं पाप वाटलं नाही.

फॉर्मवर ओळखीच्या व्यक्तीचं नाव हवं होतं, इथे बरीच वर्षं राहिलेली, शिकलेली, भारदस्त. त्यात मॅडमचं नाव गेलं.

व्हिसा ऑफिसमधून त्यांना फोन आला. तुम्ही या मुलाला कसं ओळखता? माझा विद्यार्थी. कधी यायचा? सोमवार ते गुरुवार, सहा ते आठ. कोणत्या काळात? त्यांनी काळ सांगितला. वर्ष तेच, संध्याकाळही तीच. एवढंच झालं. त्यांनी कोणावर आरोप केला नाही, एक शब्द जास्त बोलल्या नाहीत. आणि एक शब्द कमीही नाही.

मंगेशचा अर्ज फेटाळला गेला आणि पुढे तीन वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही, असं पत्र आलं. पत्र आलं तेव्हा तो कांदा चिरत होता. वाचून झाल्यावर त्याने उरलेला कांदा चिरला, आमटीला फोडणी दिली, आम्ही जेवलो. दीड महिन्याने तो गेला. एअरपोर्टवरसुद्धा हसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरावीनला गेलो. मॅडम अंगणात लिंबाच्या झाडाच्या वाळलेल्या फांद्या कापत होत्या. कार्डिगन होताच.

"मंगेश गेला," मी म्हणालो.

"कळलं."

"तुम्ही एवढंच म्हणाला असता ना की नीट आठवत नाही. तुमचं काय गेलं असतं?"

"मला नीट आठवत होतं."

"त्याचं आयुष्य होतं ते, मॅडम!"

"ते पत्र त्याने जोडलं तेव्हाच जे व्हायचं ते झालं होतं. मला फोन आला तो नंतर."

मग मात्र माझा तोल सुटला. जे वर्षभर पोटात होतं ते बाहेर आलं. "वा! म्हणजे आम्ही नशीब म्हणून हात झटकले की आम्ही अडाणी, आणि तुम्ही विर्ड म्हणून झटकले की विद्वान. फरक काय दोन्हींत?"

त्यांनी कात्री खाली केली. पहिल्यांदाच त्या माझ्या प्रश्नावर थांबल्या.

"फरक आहे," त्या म्हणाल्या. "नशिबाच्या दारात जाऊन तुला असं ओरडता आलं नसतं. माझ्या आलं. मी सांगितलं म्हणून तो गेला. ते मी केलंय. मी कुठे नाही म्हणते?"

"मग वाईट वाटत नाही?"

"ते तुला कशाला सांगू?"

मी फाटक आपटून निघालो. नंतर सात वर्षं मी त्या रस्त्याने गेलो नाही. मला पीआर मिळाला, लग्न झालं, स्कोफिल्ड्सला नव्या वसाहतीत घर घेतलं, मुलगी झाली. मित्रमंडळात कधी मॅडमचा विषय निघाला तर मी मंगेशची गोष्ट सांगायचो, आणि ऐकणारे सगळे मॅडमना शिव्या घालायचे. मला बरं वाटायचं.

मी पेशंट ट्रान्सपोर्टची व्हॅन चालवतो. म्हणजे अँब्युलन्स नाही. ज्यांना चालवत नाही, ज्यांना कोणी न्यायला-आणायला नाही, अशा लोकांना अपॉइंटमेंटसाठी हॉस्पिटलला नेणं-आणणं. दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी सकाळच्या यादीत नाव आलं, एन. बर्वे, गिरावीन, डायलिसिस, सोमवार-बुधवार-शुक्रवार. मी सुपरवायझरला म्हणालो, हा रन दुसऱ्या कोणाला दे. तो म्हणाला, "सॉरी मेट, ऑल फुल." गेलो.

त्या दारात तयार उभ्या होत्या. आणखी बारीक झाल्या होत्या. पाय सुजलेले. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू."

"हो."

"वेळेवर आलास," म्हणाल्या आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या. पुढे कधीच बसल्या नाहीत. मीही बोलवलं नाही.

त्याच व्हॅनमध्ये स्कोफिल्ड्सहून मी सरोजकाकूंना आधी घ्यायचो. सत्तरीच्या, मुलाकडे राहायला आलेल्या, मूळच्या डोंबिवलीच्या. कपाळाला अंगारा, पर्समध्ये पोथी, आणि दर शुक्रवारी मला डब्यातून साखरफुटाणे. त्यांनाही डायलिसिसच होतं. दोघींची जोडी म्हणजे रोजचा तमाशा.

"माझ्या नशिबातच हे मशीन लिहिलेलं," सरोजकाकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

"नशिबात नाही, किडनीत," मॅडम म्हणाल्या. "बीपीच्या गोळ्या किती वर्षं बुडवल्यात?"

सरोजकाकूंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. ही कोण बया, असा प्रश्न होता डोळ्यांत. मी हसू दाबलं नाही.

असे पाच-सहा महिने गेले. मग जानेवारीतला, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातला, एक दिवस आला. त्या आठवड्यात डॉक्टरांनी सरोजकाकूंना सांगितलं होतं की तुमचं हृदय कमजोर आहे, किडनी बदलायचं ऑपरेशन करता येणार नाही. मुलगा-सून घरी म्हणत होते, पॉझिटिव्ह राहा आई, काहीतरी निघेल, ऑस्ट्रेलिया आहे हा. त्या दिवशी परत येताना काकू रडायला लागल्या. मी म्हणालो, "काकू, होईल हो सगळं ठीक. देव आहे." त्यांनी डोळे पुसले आणि शेजारी वळून मॅडमना विचारलं, "तुम्ही शिकलेल्या आहात. मला खरं सांगा. यातून सुटेन का हो मी?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

मी व्हॅन कडेला घेतली. मागे वळून म्हणालो, "त्यांची माफी मागा. नाहीतर उतरा."

नोकरी गेली असती माझी त्या वाक्यासाठी, पण त्या क्षणी मला मंगेशच दिसत होता.

मॅडमनी पट्टा सोडला, सरकतं दार ढकललं आणि उतरल्या. बाहेर एक्केचाळीस डिग्री. मोठा रस्ता, ट्रक धडाधडा जाताहेत, सावलीला गमट्रीचं एक झाड नाही. चार तास मशीनवर काढून आलेली सत्तर-बहात्तरची बाई, दंडाला पट्टी बांधलेली, गवतावर ताठ उभी राहिली. पर्स दोन्ही हातांनी पुढे धरून. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. बस येणार असावी आणि आपण थांबलोय, असं.

शेवटी सरोजकाकूच म्हणाल्या, "अरे, घे त्यांना आत. मेल्या, उन्हात मारतोस का?"

"त्या काय बोलल्या ऐकलंत ना?"

"ऐकलं. मीच विचारलं होतं. घरात कोणी बोलतच नाही रे या विषयावर. मी बोलले की सून टीव्ही लावते." मग खिडकी खाली करून त्यांनी हाक मारली, "अहो बर्वेबाई, या आत. मला अजून विचारायचंय."

मॅडम आत आल्या. उरलेल्या रस्त्यात त्या दोघी बोलत होत्या: शेवटी दुखतं का, किती दिवस लागतात, मुलाला कसं सांगायचं. मॅडम प्रत्येक प्रश्नाला दोन-तीन वाक्यांत उत्तर देत होत्या. पुढच्या आठवड्यापासून सरोजकाकू मॅडमशेजारची सीट धरून ठेवू लागल्या. माझ्याजवळ मात्र म्हणायच्या, "फटकळच आहे हो बाई. देवाने जीभ देताना हात आखडला नाही." मॅडमनी माझी तक्रार केली नाही. उपकार म्हणून नव्हे. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

सरोजकाकू पंधरा दिवस मुलीकडे मेलबर्नला गेल्या होत्या, तेव्हा व्हॅनमध्ये आम्ही दोघंच असायचो. एकदा सिग्नलला थांबलेलो असताना मागून प्रश्न आला.

"मंगेशच्या फॉर्मवर माझं नाव घालायला कोणी सांगितलं?"

हे मी आतापर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. वर लिहितानासुद्धा मी 'मॅडमचं नाव गेलं' असं लिहून पुढे सरकलो, ते मुद्दाम. मंगेशला मॅडमचं नाव घालायचं नव्हतं. तो म्हणाला होता, भीती वाटते यार. मीच म्हणालो होतो, घाल रे, डॉक्टरेटवाली बाई आहे, वजन पडेल. फॉर्म मीच भरला होता.

"मी," मी म्हणालो.

"माहीत होतं. अक्षर तुझं होतं. वर्षभर तपासलंय मी ते."

"व्हिसा ऑफिसने फॉर्म दाखवला तुम्हाला?"

"नाही. फाटक आपटून गेलास त्याआधी मंगेश येऊन गेला होता. फॉर्मची कॉपी घेऊन आला होता, काही करता येईल का विचारायला."

"मग त्या दिवशी मला का नाही म्हणालात?"

"तू कुठे विचारलंस? तू ओरडायला आला होतास."

सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न वाजवला. मला वाटलं होतं, हे कधी बाहेर आलं तर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. मला त्या बाईचा पूर्वी कधी आला नव्हता इतका राग आला. सात वर्षं मी चारचौघांत तिच्या नावाने बोटं मोडत होतो, आणि तिला तेव्हापासून सगळं माहीत होतं.

दोन दिवसांनी त्यांनी सांगितलं, "मंगेशला फोन लाव. मला बोलायचंय."

लावला. सांगलीत सकाळ होती. मंगेशचं आता केटरिंग आहे, लग्नाच्या ऑर्डरी घेतो. मी स्पीकरवर टाकलं आणि कोण बोलतंय ते सांगितलं. पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बोला मॅडम."

"कसा आहेस?"

"तुमच्यामुळे जसा झालो तसा आहे." तो हसत नव्हता. मी त्याला पहिल्यांदाच न हसता बोलताना ऐकत होतो. "माझं वाटोळं केलंत तुम्ही. बाबा त्या वर्षात गेले. परत आलेला पोरगा बघून गेले ते."

"हो," मॅडम म्हणाल्या.

"हो? बस, हो? सॉरी तरी म्हणा की."

"व्हिसावाल्यांनी परत विचारलं तर मी परत तेच सांगेन. मग सॉरी कशाचं म्हणू? खोटं होईल ते." मग म्हणाल्या, "तुझं नुकसान माझ्या हातून झालं. त्याचा विसर मला पडलेला नाही. तेवढं सांगायला फोन केला."

"ठेवा तुमच्याजवळ," मंगेश म्हणाला आणि फोन कट झाला.

दोन-तीन किलोमीटर गेले. मग मागून आवाज आला, "तू गप्प बसलास."

"गाडी चालवत होतो."

"हं," मॅडम म्हणाल्या. त्या एका हुंकाराची आठवण झाली की अजून माझे कान तापतात.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी डायलिसिस बंद करायचं ठरवलं. डॉक्टरांनी सांगितलं की बंद केल्यावर एक-दोन आठवडे. त्यांचा मुलगा डार्विनला, पार उत्तर टोकाला असतो, तिथल्या गॅसच्या प्रोजेक्टवर इंजिनियर. तो विमानाने आला आणि परत येतानाच्या फेरीत आमच्या व्हॅनमध्ये बसला. "मम, कम अप टु डार्विन. दे हॅव डायलिसिस देअर टू. प्लीज." मॅडम मराठीत म्हणाल्या, "तिकडे उकडतं." तो रडवेला होऊन हसला. कार्डिगनवाल्या बाईने उकाड्याची सबब सांगावी, याचं हसू मलाही आलं असतं, पण मी रागात होतो.

त्यांना घरी सोडताना मुलगा पुढे कुलूप काढायला गेला, तेव्हा मी म्हणालो, "आम्हाला सांगायचात, उभं राहायचं. आता स्वतः मैदान सोडताय."

"उभं राहा म्हणाले होते. मशीनला टेकून असं नव्हते म्हणाले."

"सरोजकाकू मशीनला टेकूनच उभ्या आहेत."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या. "त्या माझ्याहून घट्ट आहेत." आणि उतरल्या. मी हात पुढे केला होता. तो त्यांनी घेतला नाही.

सरोजकाकू अजून येतात. शेजारची सीट रिकामी असते, तिथे त्या पर्स ठेवतात.

मॅडम गेल्यावर मी मंगेशला फोन करून ते नाव माझ्या सांगण्यावरून गेलं होतं, हे कबूल केलं. त्याला ते आठवत असणारच, फॉर्म माझ्या हातचा होता. पण इतकी वर्षं तो मॅडमना शिव्या देत होता, आणि मी ऐकून घेत होतो. कधीतरी माझ्या तोंडून ते यायला हवं होतं. तो म्हणाला, "आत्ता सांगतोस?" त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. मीही केलेला नाही.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते मशीन बंद केल्यावर सहाव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला. दुसऱ्या एका पेशंटला, केविन नावाच्या म्हाताऱ्या ट्रक ड्रायव्हरला घेऊन मी गिरावीनमधूनच चाललो होतो. त्यांच्या गल्लीतून जायची गरज नव्हती, तरी वळलो. त्या पुढच्या अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. चेहरा सुजून वेगळाच झाला होता. शेजारच्या घरावर विक्रीच्या लिलावाची पाटी लावायला एक तरुण एजंट आला होता, सुटाबुटातला, आणि मॅडम त्याला पाटीवरची काहीतरी चूक दाखवत होत्या. सुजलेलं बोट नेमकं एका अक्षरावर होतं. तो पोरगा फोनवर फोटो काढून घेत होता, मान हलवत होता. दारात मुलगा उभा होता, हातात शाल, जवळ जायचं धाडस होत नसल्यासारखा.

मी व्हॅन हळू केली. काच खाली घेतली. काहीतरी बोलावं असं होतं. काय, ते मला आजही माहीत नाही.

मॅडमनी मान वळवली. व्हॅन ओळखली, मला ओळखलं. मग हात उचलून, भिंतीवरचा कावळा हाकलावा तसा मला हाकलला. एकदा. आणि पुन्हा पाटीकडे वळल्या.

मी गेलो. कोपऱ्यावर वळताना मागून केविनने विचारलं, "फ्रेंड ऑफ युअर्स, मेट?"

"नो," मी म्हणालो.

त्यांना विचारलं असतं, तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.